तिसऱ्या आठवड्याचा आजार

जिमला जाणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो. पण 'कंटाळा आला' असं सरळ म्हणेल तर तो जिममधला कसला! तो म्हणतो, "बॉडी अडॅप्ट झाली." ऑफिसात वीस-वीस वर्षं तेच टेबल, तीच फाइल आणि तोच कुरकुरणारा पंखा असतो, तिथे कोणाची बॉडी अडॅप्ट झाल्याचं ऐकिवात नाही. इथे मात्र लोखंडाची एक दांडी सात-आठ वेळा छातीवरून वर ढकलली, की अंगातल्या यच्चयावत स्नायूंना तिचा वीट येतो आणि उद्यापासून त्यांना काहीतरी नवीन हवं असतं.

आमची जिम बुलढाण्यात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली लोखंड विकत मिळतं, वर महिन्याच्या भाड्याने. जिन्यात चपलांचा ढीग, आत शिरल्याशिरल्या बजरंगबलीची तसबीर आणि तिच्याखाली प्रोटीनचे रिकामे डबे नैवेद्यासारखे ओळीने मांडलेले. प्लेटांचा रंग केव्हाच उडालाय. दोन प्लेटांवर '10' असा आकडा आहे, पण त्यातली एक दहाची आणि दुसरी साडेदहाची असावी असा माझ्या डाव्या खांद्याला दाट संशय आहे. भिंतभर आरसा आहे, त्याला एका कोपऱ्यात तडा गेलाय. त्या तड्यासमोर नेमक्या जागी उभं राहिलं की दंड दीडपट दिसतो, त्यामुळे ती जागा कधी रिकामी सापडत नाही.

गर्दीचंही इथे एक पंचांग आहे. 1 जानेवारीला उभं राहायला जागा नसते. 12 तारखेला जिजाऊ जयंतीसाठी निम्मी मंडळी सिंदखेडराजाला जातात, त्यातली निम्मीच परत येतात. मग संक्रांतीचा तीळगूळ आडवा येतो. माघ वद्य सप्तमीला शेगावला गजानन महाराजांचा प्रकट दिन असतो. तोवर मी, ट्रेनर आणि बजरंगबली असे आम्ही तिघं आणि आणखी काही चिवट जीव उरलेले असतो. या चिवटांनाच पुढे तो 'बॉडी अडॅप्ट' झाल्याचा आजार होतो. पळून गेलेल्यांचा प्रश्नच नाही, त्यांनी एकच बदल केला आणि तो कायमचा.

आमचा ट्रेनर नांदुऱ्याकडचा, म्हणजे घाटाखालचा. (आमच्या जिल्ह्यात माणूस भेटला की आडनावाआधी तो घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतात.) नांदुऱ्याला हायवेवर 105 फुटांचा मारुती उभा आहे. लहानपणापासून जाता-येता तोच बघितल्यामुळे या पोराच्या माणसाच्या देहाविषयीच्या अपेक्षा जरा उंचावलेल्या आहेत.

"काका," तो मला म्हणाला, "मसलले कन्फ्यूज करा लागते. एकच एक्सरसाइज करून राह्यले तं ते हुशार होऊन जाते."

"होऊ दे की. घराण्यात कोणीतरी हुशार निघू दे."

"तसं नाही काका. हुशार झालं का ते वाढत नाही. जागच्या जागी बसते."

हे मला पटलं. अशी बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत.

तेव्हापासून स्नायूंना गोंधळात टाकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. या सोमवारी सपाट बाकावर बेंच प्रेस, पुढच्या सोमवारी तोच बाक तिरका, त्यापुढच्या सोमवारी डंबेल, मग केबल, आणि एकदा तर खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून गोठ्यातल्या वासरासारखी ओढाओढ. नावंही अशी की व्यायामाआधी उच्चारातच धाप लागावी : झॉटमन कर्ल, अर्नॉल्ड प्रेस, लँडमाइन रो. हे सगळं येतं कुठून, तर रात्री अकराला बघितलेल्या रीलमधून. पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी कोणी पैलवान एका पायावर उभा राहून काहीतरी फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बुलढाण्यात माझा गुडघा दुखतो.

ही कन्फ्यूजनची कल्पना तशी जुनी. अमेरिकेतले जो वीडर हे व्यायामाची मासिकं काढायचे आणि ताकदीच्या पावडरी विकायचे. त्यांनी ती गाजवली. 2000 नंतर घरच्या घरी व्यायाम करायच्या डीव्हीडींनी तिला घरोघर पोचवलं. यातली गोम मला मासिकांमुळे कळली. मासिक दर महिन्याला निघतं. 'मागच्या महिन्यात सांगितलं तेच करा, फक्त अडीच किलो वाढवा' एवढंच छापून आलं तर अंक घेणार कोण? सल्ला खरा होता, पण त्याचा दुसरा अंक निघत नव्हता. आता मासिकाच्या जागी रील आलं आणि महिन्याच्या जागी तास आला. नावीन्याची भूक मुळात छापणाऱ्याची. तिचं बिल मात्र आपल्या दंडाच्या नावावर फाडलं जातं.

स्नायूला बिचाऱ्याला यातलं काही कळत नाही. आपण झॉटमन करतोय की अर्नॉल्ड, हे त्याला वाचता येत नाही. त्याला कळते ती ओढ, आणि ती मागच्यापेक्षा जास्त आहे की नाही एवढंच. नवा व्यायाम सुरू केला की पहिले काही आठवडे उचलायचं वजन भराभर वाढतं हे खरं आहे आणि तिथेच माणूस फसतो. मोरितानी आणि डीव्ह्रीज या दोघा संशोधकांनी 1979 मध्येच दाखवून दिलं की ही सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची कमाई असते. दंड तोच असतो. मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात, कोणता तंतू केव्हा कामाला लावायचा याची घडी बसते. स्नायू खरोखर जाड व्हायला लागतो तो त्यानंतर. म्हणजे दुकान मांडून होतं, गिऱ्हाईक यायची वेळ होते आणि नेमकं तेव्हाच आमचा ट्रेनर म्हणतो, "काका, आता हे बंद." नव्याचे नऊ दिवस संपले की दहाव्या दिवशी पुन्हा नवं. अशा माणसाला आयुष्यभर प्रगती होत असल्यासारखं वाटतं आणि शर्टाची बाही मात्र लग्नातली चालते.

दुसरी फसवणूक दुखण्याची. नवा प्रकार केला की दुसऱ्या दिवशी अंग आंबतं, जिना उतरताना आईवडिलांची आठवण येते. लगेच ट्रेनरचं प्रशस्तिपत्र : "दुखते ना? म्हणजे लागलं!" अहो, अनोळखी काम केलं की कोणाचंही अंग आंबतं. पहिल्या दिवशी निंदणाला गेलेल्या शहरी जावयाचंही आंबतं, म्हणून काही तो पैलवान होत नाही. तोच व्यायाम दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केला की दुखणं कमी होतं. त्याचा अर्थ व्यायाम निकामी झाला असा नव्हे, शरीर त्याला तयार झालं असा. हे सांगून बघितलं. पण न दुखणाऱ्या व्यायामाचे पैसे वसूल झाले असं कोणाला वाटतच नाही.

आमच्या शेजारी एक आबा राहतात. ऐंशी ओलांडली, पाठ अजून ताठ. ऐन उमेदीत घाटाखालच्या जत्रांतल्या दंगली गाजवलेले. मी त्यांना विचारलं, "आबा, तुम्ही व्यायाम किती दिवसांनी बदलवत होते?"

आबांनी थोडा विचार केला. "बदलवत होतो ना. जोर झाले का बैठका. बैठका झाल्या का जोर."

"आणि कंटाळा?"

"तो कायले येते? मोजा लागत होतं ना बाप्पा!"

मोजायची त्यांची तऱ्हा अशी : आखाड्याच्या कडेला खड्यांचा ढीग. पंचवीस जोर झाले की एक खडा डाव्या बाजूचा उजवीकडे. पुढच्या महिन्यात डावीकडे एक खडा जास्त. संपलं शास्त्र. त्याला आता 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' म्हणतात आणि त्याचे वर्ग चालतात. ग्रीकांचा मायलो नावाचा मल्ल होता, प्राचीन ऑलिंपिकमध्ये कुस्ती सहा वेळा जिंकलेला. त्याची दंतकथा अशी की तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चालायचा. वासराचा बैल झाला आणि याचा मायलो झाला. सोमवारी वासरू, मंगळवारी शेळी, बुधवारी दोन कोंबड्या असं त्याने केलं असतं, तर बैल गोठ्यात वाढला असता आणि मायलोचं नाव आज कोणाला ठाऊक नसतं.

आपल्याकडे वैविध्याचा तुटवडा होता म्हणून आबा जोर-बैठकांवर अडले असंही नाही. मुद्गल होते, करेला होती, मल्लखांब होता, हौद्यातली माती खणणं हा तर व्यायामच होता. शेजारच्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्यांच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले होते. आणि बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोश काढला, तो दहा खंडांचा! ही गोष्ट मी ट्रेनरपासून लपवून ठेवली आहे. ते दहा खंड त्याच्या हाती लागले तर पुढच्या जन्मापर्यंत मला एकही व्यायाम दुसऱ्यांदा करायला मिळणार नाही.

एक दिवस त्याने मला 'बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट' नावाचा प्रकार दिला. एक पाय मागे बाकावर ठेवायचा, दुसऱ्यावर बसायचं आणि मनातल्या मनात मृत्युपत्र करायचं. मी म्हटलं, हा बल्गेरिया काय प्रकार आहे ते तरी बघू. बघतो तर काय, त्या देशाच्या वेटलिफ्टिंगचा कर्ता पुरुष इव्हान अबाजिएव हा वैविध्याचा वैरी निघाला. स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि स्क्वॉट, एवढ्यावरच त्याचा भर. तेच दिवसातून अनेकदा, आणि तेही जवळपास पूर्ण ताकदीने. त्याच्या पोरांनी 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं नेली. पुढे उत्तेजक औषधांचा डाग लागला आणि 1988 मध्ये सोलमधून त्यांचा संघ मधूनच माघारी आला, हेही खरं. तेव्हा त्यांची सगळीच तऱ्हा उचलावी असं मी म्हणणार नाही. पण नवनव्या प्रकारांच्या यादीला बल्गेरियाचं नाव लावणं म्हणजे मौनीबाबाच्या नावाने वक्तृत्व स्पर्धा भरवण्यासारखं आहे.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. पहाटे मैदानावर जा. पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. त्यांचा अभ्यासक्रम सरकारने ठरवलेला : मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. तो या आठवड्यात 7.26, पुढच्या आठवड्यात 7.26 आणि निवड होईपर्यंत 7.26. त्याला कन्फ्यूज करायची सोय गृहखात्याने ठेवलेली नाही. ही पोरं चिखली, मेहकर, देऊळगावराजाकडून येऊन इथे खोल्या करून राहतात, सकाळी भिजवलेले हरभरे खातात आणि महिनोन् महिने तेच करतात. मी एकाला विचारलं, बोअर होत नाही का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या वडिलांची जमीन मागितली. "काका, मागच्या भरतीत दोन मार्कानं गेलो," म्हणाला आणि पुन्हा गोळा आणायला धावला. ज्याला कुठेतरी पोचायचं असतं त्याला रस्त्याचा कंटाळा यायला वेळ नसतो.

आणि बुलढाण्याचाच प्रथमेश जावकार. कंपाउंड धनुर्विद्येत 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने जगातला पहिल्या क्रमांकाचा माइक श्लोसर याला 149-148 असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही. आता हा खेळ कसा असतो बघा. अंतर 50 मीटर, कायम. धनुष्याची ओढ जास्तीत जास्त 60 पौंड, म्हणजे साधारण 27 किलो. पात्रता फेरीत 72 बाण, प्रत्येक बाण मागच्याची हुबेहूब नक्कल व्हावा म्हणून सगळी धडपड. अंतिम सामन्यात पंधरा बाण, दीडशे गुण. त्यातला एकच गुण सुटला. 'आज पाठीला जरा कन्फ्यूज करू, आज डाव्या हाताने मारू' असं त्याला कोणी सांगितलं असतं तर पन्नास मीटरवर पुढचं लक्ष्य कोण झालं असतं हे सांगायला नको. धनुर्विद्या कसबाची आणि आमची गोष्ट ताकदीची, हा फरक मान्य. पण ताकदीतही निम्मं कसबच आहे. स्क्वॉटला खाली जाताना गुडघे कुठे, टाचा कुठे, श्वास कधी, हे अंगात मुरायला महिने जातात.

आता ट्रेनरच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर त्याला हा लेख कोणी वाचून दाखवेल आणि माझे पाय पुन्हा बल्गेरियाला जातील. 2014 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी काही जणांना बारा आठवडे नुसते स्क्वॉट करायला लावले आणि काहींना पायाचे वेगवेगळे व्यायाम. नुसते स्क्वॉट करणाऱ्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे चारही भाग सारखे वाढले नाहीत; बदल करणाऱ्यांचे वाढले. एकच व्यायाम सगळीकडे पोचत नाही, हे ट्रेनरचं म्हणणं रास्त. मग 2019 मध्ये मुरलेल्या व्यायामपटूंवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला ठरलेले व्यायाम, दुसऱ्याला दर खेपेला मोबाइल अ‍ॅप वाट्टेल ते काढून देणार. स्नायूंची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. फरक पडला तो उत्साहात : रोज नवं मिळणाऱ्यांना जिमला यायची हौस जास्त. बघा, शेवटी गाडी कंटाळ्यावरच येऊन थांबली. आणि 2022 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासणारा आढावा आला. त्याचं म्हणणं, विचारपूर्वक केलेला थोडा बदल फायद्याचा, पण मनाला येईल तसा सारखा बदल उलट वाढीला मारक ठरू शकतो.

मग किती दिवसांनी बदलायचं? हे मला मोताळ्याकडच्या एका मामांनी शिकवलं, तेही जिमचं नाव न काढता. गावात कृषी सहायक आले होते, पिकांची फेरपालट करा म्हणून सांगत होते. मामा म्हणाले, "करतो ना फेरपालट. पण सोयाबीन घरी आल्यावर करतो. अर्धं उभं असताना नांगर कोण घालते?" सोयाबीनला 95 ते 105 दिवस लागतात. विसाव्या दिवशी पानात जोम दिसत नाही म्हणून कोणी ते उपटून हरभरा टाकत नाही. टाकला तर गाव त्याला वेड्यात काढतं. आणि त्याच वावरात सोयाबीनच्या मधून तुरीच्या ओळी असतात. सोयाबीन निघालं, तिथे दुसरं काही आलं, तरी तूर आपली पाच-सहा महिने जागेवर उभी.

तर तुमच्या व्यायामातली तूर कोणती ते आधी ठरवा. खाली बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं आणि ओढणं, म्हणजे स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस किंवा डोक्यावरचा प्रेस, आणि रोइंग नाहीतर पुलअप. यांना हात लावायचा नाही. नवखा असाल तर सहा महिने नाही. बदलायचाच तर आकडा बदला : या महिन्यात जड वजनाचे पाच, पुढच्या महिन्यात जरा हलक्याचे दहा. बाकी दंडाचे, खांद्याचे, पोटरीचे छोटे प्रकार हे सोयाबीन; दोन-तीन महिन्यांत एक पीक काढा आणि मग खुशाल झॉटमन पेरा. करमणूकही हवीच. भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, पावसापाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. माझ्या बेंच प्रेसचं भाकीत मात्र तिथेही मिळत नाही. ते वहीतच बघावं लागतं.

वही मी किराणा दुकानदारासारखी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची घेतली आहे. "काका, उधारी लिहिता काय?" असं पोरं विचारतात. मागच्या महिन्यात 30 किलो, या महिन्यात साडेबत्तीस. हे कळतं ते व्यायाम तोच राहिला म्हणून. दर आठवड्याला व्यायाम बदलला की वहीत नुसती नावं राहतात, हिशेब लागत नाही. झोप आणि जेवण नीट असूनही तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, किंवा सांधा कुरकुर करू लागला, तर तूरसुद्धा बदला. दुखऱ्या खांद्याने बेंच प्रेसची निष्ठा दाखवायला ती काही आषाढी वारी नव्हे. आणि आमच्या जिममध्ये व्यायाम बदलण्याचं सगळ्यांत ठोस कारण तर वेगळंच आहे : केबल तुटते. ती दुरुस्त होईपर्यंत दुसरा व्यायाम करावाच लागतो, आणि आमच्याकडे केबल दुरुस्त व्हायला साधारण एक हंगाम जातोच.

आता एक विनंती. संध्याकाळी सहा ते साडेसातच्या मध्ये बेंचवर बसून मोबाइलवर उद्याचा नवा व्यायाम शोधू नका. शोधायचाच असेल तर जिन्यात, चपलांपाशी जाऊन शोधा. बेंच एकच आहे आणि मागे चौघं उभे आहेत.